मशीन पोटुशी आहे

वहिनीच्या कॉम्प्युटरला पुठ्ठ्याची एक पाटी लटकवलेली असायची. जाड पेनने ठसठशीत लिहिलेलं: "मशीन पोटुशी आहे. हात लावू नये." नवं गिऱ्हाईक आधी पाटी वाचायचं, मग वहिनीकडे बघायचं, आणि खात्री करून घ्यायला परत पाटी वाचायचं. वहिनीचा नवरा, ज्याला लहानथोर सगळे दादाच म्हणायचे, तेवढ्या वेळात झेरॉक्स मशीनच्या झाकणाआड तोंड घालून काहीतरी शोधल्यासारखं करायचा. त्याचं म्हणणं एकच, लिहायचंच तर 'गरोदर' लिही, बरं दिसतं. वहिनी म्हणायची, गरोदर म्हटलं की दवाखान्याचा वास येतो. पोटुशी म्हटलं की माणूस न सांगता दोन पावलं मागे सरकतो आणि बसायला जागा करून देतो. मला ते हवंय. तिचं खरं होतं. आपल्या घरातले हे शब्द शिकलेल्या माणसांच्या अंगावर येतात, पण काम तेच करतात.

दुकान म्हणजे दुकान म्हणायचं म्हणून. दारात झेरॉक्स मशीन, तिच्या पाठीला वहिनीचं टेबल, टेबलामागे भिंत आणि भिंतीमागे गटार. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने बाहेर उभं राहून बोलायचं. खाली ओल यायची म्हणून कॉम्प्युटरचा डबाही टेबलावर आणि पडदाही टेबलावर. वीज गेली तर मशीनला थोडा वेळ जगवणारा यूपीएस तेवढा खालच्या फळीवर, आणि दोघांना जोडणारी वायर टेबलाला पाडलेल्या भोकातून खाली उतरलेली. रस्त्याच्या टोकाला सगळ्या सरकारी कचेऱ्या होत्या. ज्याला कचेरीत जायचं तो आधी वहिनीकडे यायचा.

वहिनी खेड्यातली. लग्नाआधी टाइपरायटरवर शिकलेली, त्यामुळे कीबोर्डवर बोटं अशी आपटायची की ढेकूण मारतेय. बटणांवरची अक्षरं कधीच पुसली होती. दादाने चिकटवायची अक्षरं आणून दिली, ती तिने तशीच ठेवून दिली. म्हणाली, मला कुठे वाचायचीत, ती बोटांना ठाऊक आहेत.

कागदाचे फॉर्म होते तोवर सगळं सुरळीत होतं. मग कचेऱ्यांनी फॉर्म कॉम्प्युटरवर आणले. मशीनवर उघडायचा, मशीनवरच भरायचा, छापायचा, सही करायची आणि खिडकीवर द्यायचा. हाताने भरलेला चालत नाही म्हणाले. पण प्रत्येक फॉर्मच्या डोक्यावर एक जांभळी पट्टी यायची आणि त्या पट्टीत लिहिलेलं असायचं की या फॉर्ममध्ये भरलेली माहिती साठवता येणार नाही, हवी असेल तर छापून घ्या. वहिनीने पहिल्यांदा ती वाचली आणि सोडून दिली. एका मास्तरांचा लांबलचक फॉर्म अर्ध्याच्या वर भरला, बाकीचं उद्या म्हणून साठवायचं बटण दाबलं आणि मशीन बंद करून घरी गेली. दुसऱ्या दिवशी उघडते तर फॉर्म घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखा लख्ख. मास्तरांचं नावसुद्धा नाही.

मशीन दुरुस्त करणारा आला, त्याने समजावलं. फॉर्म उघडायचा हा प्रोग्राम कंपनीने फुकट दिलाय. फुकटातला वाचू देतो, भरू देतो, छापू देतो, पण भरलेलं जपून ठेवायचा परवाना त्यात नाही. तो हवा तर एकतर आपण पैसे मोजून मोठा प्रोग्राम घ्यायचा, नाहीतर फॉर्म बनवणाऱ्या कचेरीने कंपनीकडून परवानगी विकत घेऊन फॉर्मला लावायची. मग याच फुकटातल्या प्रोग्रामला सगळं साठवता येतं.

"म्हणजे येतंय त्याला," वहिनी म्हणाली.

"येतंय की."

"पण करायचं नाही."

"नाही."

"मग आमच्या थोरलीसारखंच झालं," वहिनी म्हणाली आणि तिने समोर बघितलंसुद्धा नाही.

समोर, म्हणजे रस्त्याच्या पलीकडे, दादाच्या थोरल्या भावाचं दुकान होतं. तेही झेरॉक्सचं. आधी दोघांचं मिळून एकच दुकान होतं, याच खुराड्यात. वहिनी टाइप करायची आणि तिची थोरली जाऊ कागद बघायची: छापलेला कागद जुळवणं, टाचणं, बाइंडिंग करणं. थोरलीच्या हातचा टाचणपिनेचा ठोका कधी वाकडा गेला नाही. भांडण झालं ते पंख्यावरून. टेबलफॅन एकच. वहिनीकडे तोंड केलं की थोरलीचे कागद गल्लीभर, आणि वहिनीकडे पाठ फिरवली की ती घामाने निथळायची. आधी पंखा फिरवाफिरवी झाली, मग तोंडं फिरली, आणि एक दिवस थोरली पंखा काखोटीला मारून रस्ता ओलांडून गेली. मागोमाग थोरले गेले, दोन सारख्या प्रिंटरांतला एक घेऊन. ते प्रिंटर एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेले, जुळे भाऊच. तेव्हापासून दोघी जावा समोरासमोर बसायच्या, दिवसभर एकमेकींना दिसायच्या, आणि एकीने दुसरीशी शब्द काढला नव्हता. पंख्यावरून घर फुटलं असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो. पाहुण्यांना पटायचं नाही.

तर साठवता येत नाही म्हटल्यावर वहिनीने तिचा कायदा केला. फॉर्म पुरा होईपर्यंत मशीन बंद करायचं नाही. फॉर्म तसाच उघडा ठेवायचा, पडद्यावर जुनी ओढणी टाकायची आणि पाटी लावायची. कुणाला जन्मतारीख शोधायची असायची, कुणाला भावाची संमती. ते चार दिवसांनी यायचे, वहिनी ओढणी उचलायची आणि राहिलेल्या रकान्यापासून पुढे. तोवर टेबलाखाली झाडू घालायचा नाही, खटक्याला हात लावायचा नाही, मशीनजवळ शिंकायचंसुद्धा बेतानं. दादा म्हणायचा, मला ताप आला तेव्हा एवढी काळजी नव्हती घेतलीस. ती म्हणायची, तुम्ही बंद पडून परत चालू होता.

छापून का ठेवत नव्हती, असं कुणीही विचारेल. आधी ठेवायची. पण नळाच्या अर्जाची अशीच अर्धी छापलेली प्रत एका शिंप्याने घरी नेली, त्याच्या बापाला ती पुरी वाटली आणि त्याने ती खिडकीवर देऊन टाकली. घराचा नंबर भरायचा राहिलेला. कचेरीने काय ताळमेळ लावला देव जाणे, नळ शेजाऱ्याच्या दारात येऊन बसला. शिंपी आणि शेजारी अजून त्यावर भांडतात. त्यानंतर अर्धा कागद दुकानाबाहेर जाणार नाही, छापणारच नाही, असा वहिनीचा दुसरा कायदा.

तिसरा कायदा सगळ्यात कडक. ज्या रकान्यात 'आपल्या शब्दांत लिहा' असतं, तिथे ज्याचं त्यानं बोलायचं. पुष्कळ लोक म्हणायचे, वहिनी, तुम्हीच घाला काहीतरी चांगलं. ती म्हणायची, माझे शब्द माझ्या नवऱ्यालाच पुरत नाहीत, तुला कुठून देऊ? मग बसायची बोटं बटणांवर ठेवून, समोरच्याच्या तोंडाकडे बघत. माणूस बोललं की तेवढं पडद्यावर उठवायची. अडखळलं की थांबायची.

या तिसऱ्या कायद्यापायी घडीचा जीव टांगणीला लागायची वेळ आली.

घडी म्हणजे आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर इस्त्रीची हातगाडी लावणारी बाई. नाव दुसरं होतं, पण कपड्यांसारखे शब्दही घडी घालून ठेवायची म्हणून घडी. किती झाले विचारलं तर बोटं दाखवायची. कपडे कधी मिळतील विचारलं तर "होतील." लग्न केलेलं नव्हतं. बहीण होती, ती आजारपणात गेली, आणि मागे राहिलेली एक मुलगी घडीच्या खोलीत आली. ही मुलगी मात्र उलट. सकाळी डोळे उघडले की हिचं तोंड सुरू. शाळेला जाताना वाटेतल्या प्रत्येक दुकानाशी बोलत जायची, येताना राहिलेलं बोलून घ्यायची.

मुलांच्या कचेरीने मुलीला थोड्या मुदतीसाठी मावशीकडे ठेवलं होतं. मुदत संपायच्या आत घडीने रीतसर अर्ज करायचा होता, नाहीतर मुलीला दुसऱ्या शहरातल्या बालगृहात पाठवणार होते. तिथे चांगलं आहे, बिछाने आहेत, बाग आहे, असं कचेरीतल्या बाईसाहेबांनी घडीला सांगितलं. घडीने मान हलवली आणि सरळ वहिनीकडे आली.

नाव, पत्ता, धंदा, खोली केवढी, नळ कुठे, हे सगळं एका बैठकीत झालं. मग शेवटच्या पानावर भला मोठा रकाना आला. हे मूल आपल्याकडे का राहावे, ते आपल्या शब्दांत लिहा.

घडी त्या रकान्याकडे बघत बसली. वहिनी घडीकडे बघत बसली. दादाने मधेच म्हणून पाहिलं की लिहून टाक, मी तिला प्रेमाने सांभाळीन, सगळे तसंच लिहितात. घडीने मान हलवली, नाही म्हणून. बराच वेळ गेला आणि ती म्हणाली, "मुलगी माझ्या बहिणीची आहे." वहिनीने तेवढं उठवलं. पुढे काही येईना. घडी उठली आणि गाडीवर गेली. वहिनीने ओढणी टाकली, पाटी लावली.

मग रोज दुपारी, इस्त्रीतले कोळसे बदलायच्या वेळेला, घडी यायची. उभ्यानेच एखादं वाक्य सांगायची. कधी दोन. कधी नुसती उभी राहून परत जायची. वहिनीने घाई केली नाही, पण तारीख जवळ येत होती. चहावाला घडीला गाठून वाक्यं सुचवायचा. सुताराने तर एक आख्खं भाषण तयार केलं होतं, त्यात 'मातृतुल्य' असा शब्द होता. घडीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एकाचंही घेतलं नाही.

शेवटचा दिवस उजाडला. कचेरीची खिडकी दिवस मावळायच्या आधी बंद होणार होती. दुपारी घडी आली. आज बसली. वहिनीने ओढणी काढली. घडीने शेवटचं वाक्य सांगितलं, वहिनीने उठवलं, आणि दोघींनी रकान्याकडे बघितलं.

"अजून?" वहिनीने विचारलं.

"पुरे," घडी म्हणाली.

वहिनीने छापायचा हुकूम दिला. प्रिंटरने गळा खाकरला आणि वीज गेली.

झेरॉक्स मशीन बंद, प्रिंटर बंद, दिवा बंद. पडदा तेवढा चालू आणि टेबलाखालून यूपीएसचं पीं... पीं... दादा रस्त्यावर धावला. थोड्या वेळाने परत आला तो तोंड पाडून. आपल्या बाजूचं काहीतरी जळालंय, वायरमन म्हणतो संध्याकाळ होईल, नाहीतर उद्या. यूपीएसला प्रिंटर झेपत नव्हता. जोडला की दोघंही आडवे. आणि त्याची बॅटरी म्हातारी, दमेकरी.

रस्त्याच्या पलीकडे थोरल्यांच्या दुकानात दिवा लख्ख जळत होता. पलीकडची लाइन वेगळी. पंखासुद्धा फिरताना दिसत होता.

दुकानासमोर गर्दी झाली आणि प्रत्येकाला अक्कल फुटली. पेन्सिलीने उतरवून घ्या. हाताने लिहिलेलं चालत नाही, आणि दुसरीकडे नव्याने टाइप करायचं तर पानं किती, वेळ केवढा. तेव्हाच्या फोनला डोळा नव्हता, नुसतं तोंड आणि कान, त्यामुळे फोटोचा प्रश्नच नाही. कुणी म्हणालं, वहिनी, तुला पाठ असेल. वहिनी म्हणाली, "पाठ आहे असं वाटतंय. पण त्यातलं तिचं किती आणि माझं किती, ते मी कशी सांगू?" आणि तिने पडद्याचं बटण दाबून पडदा काळा केला. यूपीएसला तेवढाच आराम. आता मशीन आत जिवंत आहे की नाही हे कळायला एकच खूण, ते पीं पीं.

घडी दारात उभी होती. आजवर आम्ही तिला कुणी न विचारता बोललेलं ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "गाडी आणू?"

आधी कुणाला कळलंच नाही. मग वहिनी ताडकन उठली.

घडीने तापलेली इस्त्री फुटपाथवर ठेवली, गल्लीभरचे सदरे चहावाल्याच्या बाकावर उतरवले आणि गाडी दुकानाच्या दाराला आणून भिडवली. गाडीवर इस्त्रीसाठी अंथरलेली जाड घोंगडी होतीच. पडदा उचलला, डबा उचलला, आणि मग वायर लक्षात आली. टेबलाच्या भोकातून खाली गेलेली वायर. भोक वायरीएवढं, यूपीएस खोक्याएवढा. वायर काढली तर सगळं गेलं.

सुतार करवत घेऊन आला. भोकापासून कडेपर्यंत वीतभर फळी होती. वहिनीने वायर मुठीत धरून एका अंगाला ओढली आणि म्हणाली, "बोट गेलं तरी चालेल, वायर राखून." सुताराने करवत अशी चालवली की लोणी कापतोय. भाषण वाया गेल्याची सगळी भरपाई त्याने तिथे करून घेतली. फट पडली, वायर सुटली, यूपीएस वर आला.

वरात निघाली. घडी ढकलतेय, दादा पडद्याला मिठी मारून चालतोय, सुताराच्या छातीशी यूपीएस, वहिनीचा हात वायरीवर, आणि घाईत कुणी न काढलेली पाटी पडद्यावर झुलतेय. मध्यावर बाजूने बस आली. ड्रायव्हरने हॉर्नवर हात दाबून धरला आणि खिडकीतून डोकं काढून विचारलं, काय तमाशा आहे. सुतार म्हणाला, "अडलेली बाई आहे." ड्रायव्हरने पाटी वाचली, हॉर्न सोडला आणि इंजिनसुद्धा बंद केलं. रस्त्याच्या मधोमध उंचवटा होता, तिथे गाडीचं चाक अडकलं आणि पीं पीं घाईला आलं. गर्दीतल्या चौघांनी गाडी उचलून पलीकडे ठेवली. बसमधल्या दोघांनी उतरून हात लावला, कशाला ते न विचारता.

आणि थोरल्यांच्या पायरीशी येऊन सगळं थांबलं.

दारात थोरली उभी होती, दोन्ही हात कमरेवर. तिच्या मागे थोरले, तिच्या खांद्यावरून बघत. वहिनीचा हात वायरीवर तसाच. या पायरीवर तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आम्ही सगळे एकदम जमिनीकडे बघायला लागलो. पीं पीं पीं पीं.

थोरलीने गाडीकडे बघितलं. पाटी वाचली. सावकाश, एकेक शब्द.

"कितवा महिना?" थोरलीने विचारलं.

वहिनीने घाम पुसला. "दिवस भरलेत, जाऊबाई."

"मग दारात काय उभी राहिलीस? घे आत."

आत गेल्यावर नवीन अडचण. भिंतीवर वीज घ्यायच्या जागा तीनच. एकीत थोरल्यांचं मशीन, एकीत प्रिंटर, एकीत पंखा. थोरले म्हणायला लागले की आधी माझं मशीन नीट बंद करतो, मग... तोवर थोरलीने पंख्याची पिन उपटली होती. तोच पंखा. पाती गरगरत थांबली, बाइंडिंगला लावलेल्या कागदांची फडफड बंद झाली, आणि सुताराने यूपीएसची पिन त्या जागी खुपसली.

पीं पीं थांबलं.

ते थांबणं चांगलं की वाईट हे कुणाला कळेना. वहिनीने पडद्याचं बटण दाबलं. काळा पडदा, काळा पडदा, मग जांभळी पट्टी. तिच्याखाली घडीचं नाव, पत्ता, धंदा. वहिनीने खाली खाली नेलं. शेवटचा रकाना भरलेला. ती खुर्चीत बसली ती धप्पकन, आणि खुर्ची थोरलीची आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही, की आलं होतं, कोण जाणे.

प्रिंटर जुळा भाऊच, त्यामुळे मशीनला तो परका वाटला नाही. वायर जोडली आणि पानं यायला लागली. थोरलीने सवयीने हात पुढे केला. एकेक पान घेतलं, कडा जुळवल्या, टेबलावर ठोकून सारखं केलं. शेवटचं पान तिने वाचलं. वाचायचं काही कारण नव्हतं, पण वाचलं. त्यावर होतं ते इतकंच:

"मुलगी माझ्या बहिणीची आहे. बहीण गेली तेव्हा ती माझ्या गाडीखाली बसली होती, मी तिला बाहेर काढलं नाही, तिथेच जेवण दिलं. ती दूध पीत नाही. का पीत नाही ते मला माहीत आहे, दुसऱ्या कुणाला ती सांगणार नाही. तिला अंधारात खोकला येतो, तो खरा नसतो. मी जागी आहे का बघते. मी जागी असते. मी कमी बोलते. ती जास्त बोलते. घराला पुरतं."

थोरलीने पानं टाचली. पिन वाकडी बसली. तिने शेजारी दुसरी मारली, तीही वाकडी. मग तशीच फाईल घडीच्या हातात दिली आणि म्हणाली, जा आता, माझ्या तोंडाकडे काय बघतेस.

घडी गेली ती पळतच. आम्ही तिला पळताना त्या दिवशीच पाहिलं. खिडकीवरच्या कारकुनाने म्हणे फक्त एवढंच विचारलं की पिना दोन का, आणि शिक्का मारला.

मशीन मात्र दोन दिवस पलीकडेच राहिलं, आपल्या बाजूची वीज येईपर्यंत. वहिनी सकाळी उठून तिथे कामाला जायची. पंखा लावायला जागा नव्हती, त्यामुळे दोघी सारख्याच घामाने निथळायच्या आणि भांडायला निमित्त उरलं नाही. म्हणजे भांडायच्या, पण बोलून. मशीन परत आलं तेव्हा सुताराने टेबलाच्या फटीला पट्टी मारून देतो म्हटलं. वहिनीने मारू दिली नाही. परत न्यायची वेळ आली तर?

पुढे कधीतरी मशीन दुरुस्त करणारा आला. त्याला सगळी कथा रंगवून सांगितली. तो ऐकता ऐकता हसायला लागला आणि म्हणाला, वहिनी, सगळ्या रकान्यांतला मजकूर नुसता उचलून दुसऱ्या साध्या पानावर चिकटवायचा होता, ते पान साठवता येतं. पेन ड्राइव्हवर घालून समोर नेलं असतं तर त्यांच्या मशीनवर फॉर्म भरून झाला असता. गाडी कशाला, करवत कशाला?

 दादा झाकणाआड गेला. थोरली तेव्हा इकडे कागदाचा गठ्ठा मागायला आलेली होती. ती म्हणाली, "त्या दिवशी हा गावाला गेला होता ते एक बरं झालं."

मुलांच्या कचेरीतल्या बाईसाहेब खोली बघायला आल्या. मुलीने त्यांना दारातच गाठलं आणि त्या चहा न घेताच परत गेल्या, कारण चहा घ्यायला मधे जागाच सापडली नाही. नंतर कागद आला. मुलगी मावशीकडे राहणार.

कागद आल्यावर घडी दुकानात आली.  पडद्यावरची ती जुनी ओढणी घेऊन गेली आणि संध्याकाळी आणून दिली, इस्त्री केलेली. ती इतकी कडक झाली होती की पडद्यावर घसरायला लागली. वहिनीने तिला दोन चिमटे लावले आणि तशीच वापरली.

पाटी अजून लटकते. मुलगी आता शाळेतून येताना रोज दुकानाशी थांबते, मोठ्याने पाटी वाचते आणि विचारते, "एवढे दिवस झाले, हिचं बाळ होणार तरी कधी?" एकदा वहिनी फॉर्ममध्ये गढलेली होती, तिने उत्तर दिलं नाही. मुलगी तोच प्रश्न कोपऱ्यावर घेऊन गेली. घडी कॉलरवरून इस्त्री फिरवत होती. तिने मान वर केली नाही.

"झालंय," ती म्हणाली. "तूच ती."

त्यावर ती पोरगी गप्प बसेल तर शपथ. मुलगा का नाही झाला, नाव कुणी ठेवलं, मशीनला दुखलं का, एकामागून एक सुरू. घडीने कॉलर उलटवली आणि दुसऱ्या बाजूला इस्त्री लावली.